देवदत्तच्या पोटरीवरची गाठ

शरदिनी मोघेने आपली डावी किडनी धाकट्या भावाला दिली, त्याला तीन वर्षं झाली होती. ऑपरेशन लखनौला झालं आणि चांगलं झालं. दोघं बनारसला परतली तेव्हा दुर्गाघाटच्या गल्लीत लोकांनी त्यांना हार घातले. शरदिनीच्या जिवाला मात्र त्यानंतर स्वस्थता म्हणून राहिली नाही. देवदत्त पाणी पुरेसं प्यायला का, वरणात मीठ जास्त तर नाही ना पडलं, सकाळची गोळी घेतली की तसाच पूजेला बसला, हे सगळं ती खालच्या खोलीतून वर येऊन विचारून जायची. कँट स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर बसली असली तरी दुपारी फोन करायचीच.

पद्मा, देवदत्तची बायको, हसून म्हणायची, "वन्सं म्हणजे किडनीच्या सासूबाई झाल्यात."

देवदत्त म्हणायचा, "ताई, किडनी तुझी असली तरी लघवी माझी आहे. ती तरी मला सुखानं करू दे."

शरदिनी तेवढ्यापुरती हसायची. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि देवदत्त सहा. वडील वैदिक, दिवसभर यजमानांकडे. भावाला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या मुंजीपर्यंत सगळं तिनंच केलं. पुढे रेल्वेत नोकरी लागली, लग्नाचं बोलणं दोनदा झालं आणि राहून गेलं. देवदत्त घराण्याची याज्ञिकी चालवू लागला, त्याचं लग्न झालं, आणि तिच्या काळजीला पद्मा ही एक वाटेकरीण मिळाली. काळजी काही निम्मी झाली नाही.

कार्तिक संपत आला होता. महिनाभर देवदत्त पहाटे संकठा घाटावर यजमानांसाठी पाण्यात उभा राहत होता. एका दुपारी तो जेवायला पाटावर बसला, धोतर वर सरकलं, आणि शरदिनीला त्याच्या उजव्या पोटरीवर लालसर गाठ दिसली. सुपारीएवढी.

"हे काय रे?"

"किडा-बिडा चावला असेल. पद्मानं मलम लावलंय."

"दुखतं?"

"नाही ना. म्हणून तर सांगितलं नाही."

दुखत नाही हेच शरदिनीला खटकलं. चार दिवसांनी तिनं पुन्हा धोतर वर करायला लावलं. गाठ वाढली होती, मधे बेंबीसारखा खळगा पडला होता, शेजारी दुसरी बारीक गाठ उठली होती. तिनं रजा टाकली आणि त्याला डॉक्टर गोपीनाथ मिश्रांकडे घेऊन गेली. ऑपरेशननंतर देवदत्तची तपासणी तेच करत होते. त्यांनी आधी अँटिबायोटिक दिलं. गाठीवर काही परिणाम झाला नाही, तेव्हा तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

अहवाल आला त्या दिवशी तिघंही गेली होती. मिश्र डॉक्टर हिंदीतच बोलायचे, पण सावकाश, समोरच्याला कळेपर्यंत.

"ही बुरशी आहे," ते म्हणाले.

"लोणच्यावर येते तशी?" शरदिनीनं विचारलं.

"जात तीच, पण ही अंगात शिरणारी. क्रिप्टोकॉकस म्हणतात. कबुतरांच्या विष्ठेत असते, जुन्या झाडांच्या ढोलीत असते. श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडवत नाही. पण यांनी किडनी झिडकारू नये म्हणून यांची प्रतिकारशक्ती आपणच दाबून ठेवली आहे."

पद्माच्या हातातली औषधांची पिशवी खाली पडली. शरदिनीला वाटलं, घाबरली बिचारी.

डॉक्टर पुढे म्हणाले, "या बुरशीला मेंदूची ओढ असते. यांना आजच दाखल करू. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून बघू. आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचा नव्यानं विचार करावा लागेल, कदाचित कमी कराव्या लागतील." मग शेजारी उभ्या असलेल्या ज्युनिअर डॉक्टरकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "डोनर की हिस्ट्री भी देख लेना. कभी-कभी डोनर से भी आता है."

हळू आवाजात म्हणाले, पण शरदिनीनं ऐकलं.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. देवदत्तला वॉर्डात झोपवलेलं, पाठीतून पाणी काढून झालेलं, सगळे अहवाल यायचे बाकी. रजा संपली म्हणून ती खिडकीवर जाऊन बसली. समोर रांग, काचेपलीकडून माणसं गाड्यांची नावं सांगत होती, आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य. लखनौला जाण्याआधीच्या हिवाळ्यात आपल्याला खोकला झाला होता. महिनाभर होता. तेव्हा छातीचा फोटो काढला होता, डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं होतं. पण फोटोत सगळंच दिसतं का? आपल्या आत ती बुरशी गुपचूप बसलेली असेल, आणि आपण ती किडनीबरोबर त्याच्या पोटात ठेवून दिली असेल तर?

"अरे बहनजी, हमको कल का चाहिए, आपने परसों का काट दिया!" काचेपलीकडून एक माणूस ओरडला. त्याच्या म्हाताऱ्या आईला दिल्लीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. शरदिनीनं माफी मागून तिकीट रद्द केलं, दुसरं काढलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं. 

डॉक्टरांना सरळ विचारावं, असं रोज सकाळी ती ठरवायची. राउंडच्या वेळी ते समोर आले की देवदत्तच्या जेवणाचं काहीतरी विचारून मोकळी व्हायची. ते 'हो' म्हणाले तर, ही भीती.

शेवटी ती तेजश्रीकडे गेली. तेजश्री मूळची नागपूरची, विद्यापीठात रोगकारक बुरशींवर संशोधन करायला आलेली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दोघींची ओळख झाली होती, तेव्हा ती कशावर काम करते ते ऐकून शरदिनीनं नाक मुरडलं होतं. आता ती मैदागिनपर्यंत चालत गेली, तिथून टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, पकडून विद्यापीठात पोहोचली.

तेजश्रीनं तिला प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, या बुरशीला माणूस नावाचा प्राणी शोधायचाच नसतो," ती म्हणाली. "ती उघड्यावर जगते. ऊन सोसते, कोरड सोसते, उपास काढते. मातीतले अमीबा तिला गिळायला टपलेले असतात, त्यांच्या पोटातही ती तग धरते. प्रत्येक संकट ओळखायची आणि त्यावर उपाय सुरू करायची तिची जनुकं असतात. मग कधी चुकून माणसाच्या फुप्फुसात गेली, की तिथेही तेच. आपलं अंग तिच्या मानानं तापलेला तवा, वर आपल्या पांढऱ्या पेशी गिळायला येतात. ती तीच जुनी जनुकं वापरते. तिच्यासाठी ते फक्त जीव वाचवणं आहे, आपल्यासाठी आजार."

तिनं आत जाऊन काचेच्या दरवाजापलीकडून दोन बंद तबकड्या दाखवल्या. दोन्हींत डाव्या बाजूला मूळ बुरशी होती आणि उजव्या बाजूला एक जनुक काढून टाकलेली. खोलीच्या गारव्यात ठेवलेल्या तबकडीत दोन्ही बाजू सारख्याच, दह्याच्या थेंबांसारख्या वाढल्या होत्या. अंगाच्या उष्णतेवर ठेवलेल्या दुसऱ्या तबकडीत उजवी बाजू कोरी होती.

बाहेर येऊन तेजश्री म्हणाली, "ते जनुक कॅल्सिन्युरिन नावाचं प्रथिन बनवायला लागतं. ते नसलं तर बुरशीला ताप सोसत नाही, मरते. आणि गंमत बघा. कॅल्सिन्युरिन आपल्या पांढऱ्या पेशींतही असतं. देवदत्तकाका जी टॅक्रोलिमसची गोळी घेतात, ती त्यालाच पकडून ठेवते. म्हणून त्यांच्या अंगानं तुमची किडनी मानून घेतली. पण माणसाचं कोणतं आणि बुरशीचं कोणतं, हे गोळीला कळत नाही. ती दोन्हीकडे पकडते."

"म्हणजे त्याच्या अंगातल्या बुरशीलाही?"

"काही प्रमाणात. अशा पेशंटमधे ती पुष्कळदा कातडीवर दिसते, त्याचं हेही एक कारण असावं असं मानतात. पाय पोटाछातीपेक्षा थंड असतात ना, तिथे तिला उष्णता कमी सोसावी लागते."

"अगं, पण डॉक्टर तर त्या गोळ्या कमी करायचं म्हणतायत!"

"तबकडीत काय होतं ते मी सांगू शकते, मावशी. माणसाच्या अंगात एकाच वेळी शंभर गोष्टी चालू असतात. हे डॉक्टरांनाच विचारा. आणि तो दुसरा प्रश्नही त्यांनाच विचारा."

"दुसरा कोणता?"

"तुम्ही आल्यापासून तीनदा विचारलंत, ही बुरशी माणसाच्या अंगात न कळता किती काळ राहू शकते. काकांबद्दल विचारत नव्हतात तुम्ही."

शरदिनीनं चहाचा कप खाली ठेवला आणि ती उठली.

घरी आली तर वरून खराट्याचा आवाज येत होता. ती जिना चढून छतावर गेली. पद्मा तोंडाला ओढणी बांधून, घामाघूम होऊन, कठड्याच्या कडेची कबुतरांची वाळलेली घाण खरवडत होती. पांढरी धूळ उन्हात तरंगत होती.

"पद्मा! थांब आधी. कोरडं झाडू नकोस! हवेत उडतं ते, छातीत जातं. खाली चल."

पद्मा हलली नाही. खराटा हातात धरून तिथेच खाली बसली. "जाऊ दे छातीत. माझ्याच छातीत जायला हवं होतं."

"काय बोलतेस?"

"वन्सं, मी नवस बोलले होते. लखनौला तुम्हा दोघांना आत नेलं तेव्हा. दोघं सुखरूप बाहेर आली तर रोज पाखरांना दाणे घालीन म्हणून. तीन वर्षं रोज इथे बाजरा टाकतेय. एक दिवस चुकवला नाही. आधी चार कबुतरं यायची, आता थवे येतात. आणि थंडीत हे इथेच उन्हाला बसून संथा म्हणायचे. मीच चटई घालून द्यायची त्यांना." ती रडू लागली. "डॉक्टर कबुतर म्हणाले तेव्हापासून घास उतरत नाही. कुणाला सांगू? तुम्ही पोटातली किडनी काढून दिलीत आणि मी इथे..."

शरदिनी तिच्या शेजारी फरशीवर बसली. कितीतरी दिवस जे वाक्य तोंडातून निघत नव्हतं ते एकदम निघालं.

"अगं, मला वाटतंय ती माझ्या किडनीतून गेली."

पद्मा रडायची थांबली. "तुमच्या?"

मग मिश्र डॉक्टर ज्युनिअरला हळूच जे म्हणाले होते ते शरदिनीनं तिला सांगितलं, खोकल्याचं सांगितलं, चुकलेल्या तिकिटाचं सांगितलं. कठड्यावर दोन कबुतरं येऊन दाण्याची वाट पाहत होती. पद्मानं त्यांना हाकललंही नाही.

"उद्या जाऊन विचारू या," शेवटी पद्मा म्हणाली. "तुम्ही माझं विचारा, मी तुमचं विचारते."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मिश्र डॉक्टरांसमोर पद्मानंच आधी तोंड उघडलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दीदी, तुमच्याकडून आली असती तर पहिल्या काही आठवड्यांतच दिसायला हवी होती. तीन वर्षं वाट बघत बसली नसती. आम्ही विचारतो ते विचारायचं असतं म्हणून. तरी तुमचं रक्त तपासून घेऊ, म्हणजे तुम्हाला झोप लागेल."

"आणि कबुतरं?" शरदिनीनं विचारलं.

"ते नाही सांगता येणार. बनारसमधे कबुतरं नसलेलं एक तरी छत दाखवा मला. लहानपणी कधी श्वासातून गेली असेल आणि इतकी वर्षं फुप्फुसात पडून असेल, असंही होतं. छतावरची असेल, घाटावरची असेल." मग पद्माकडे बघून ते म्हणाले, "दाणे टाकणं मात्र आजपासून बंद. साफसफाई पाणी शिंपडून, मास्क लावून, आणि ती दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

पद्मानं मान हलवली. तिला 'नाही, कबुतरांमुळे नाही' हे ऐकायचं होतं. ते काही तिला मिळालं नाही.

गोळीचा प्रश्नही शरदिनीनं विचारला. ती गोळी बुरशीलाही आवरते हे डॉक्टरांना माहीत होतं. "म्हणूनच ती एकदम बंद करणार नाही," ते म्हणाले. "आधी त्यांच्या दुसऱ्या गोळ्या, स्टेरॉइडच्या, हळूहळू उतरवू. घाई केली तर दबलेली प्रतिकारशक्ती एकदम उसळेल, बुरशीबरोबर किडनीलाही झोडपून काढेल. पाठीतून काढलेल्या पाण्यात बुरशी सापडलेली नाही, म्हणजे ती मेंदूपर्यंत गेलेली नाही, ही चांगली बातमी. पण रक्तात खुणा आहेत, म्हणजे ती पायापुरती नाही. सलाईनमधून जोराचं औषध द्यावं लागेल. आणि ते औषध किडनीला मानवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

उठता उठता त्यांनी विचारलं, "तुमची स्वतःची तपासणी कधी झाली होती शेवटची? एका किडनीवर आहात तुम्ही."

शरदिनीला आठवेना. पहिल्या वर्षानंतर ती गेलीच नव्हती. ब्लड प्रेशर बघितलं तर चांगलंच वाढलेलं निघालं, आणि तिलाही रोजची गोळी सुरू झाली.

औषध सुरू झालं. बाटली लागली की तासाभरात देवदत्तला हुडहुडी भरायची, दात वाजायचे, अंगावर तीन कांबळी घातली तरी पलंग हलायचा. हुडहुडी उतरली की तो डोळे मिटून पडायचा, ओठ हलायचे. मनातल्या मनात काही म्हणत असावा. सकाळी रक्त जायचं, दुपारी क्रिएटिनिनचा आकडा यायचा; तो चढला की किडनी थकतेय असं समजायचं. घरून निघताना सव्वा होता. मग दीड झाला. मग पावणेदोन. शरदिनी नर्सच्या टेबलापाशी उभी राहायची आणि नर्सनं कागद उलटायच्या आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायची. आपल्याच अंगातला एक तुकडा त्या पलंगावर हळूहळू हरतोय, असं तिला वाटायचं. तिच्या रक्ताचा अहवाल मधेच आला, बुरशीचं नावनिशाण नव्हतं. तिनं तो घडी करून पर्समधे टाकला. पूर्वी याच कागदासाठी जीव टांगणीला लागला होता. आता तो नीट वाचायलाही वेळ नव्हता.

आकडा दोनच्या वर गेला त्या दिवशी लघवी कमी झाली. डॉक्टरांनी औषध एक दिवस थांबवलं, सलाईन वाढवलं. देवदत्तचे पाय सुजले होते.

"ताई," तो म्हणाला, "तुझी किडनी मी घालवली."

"तुझी-माझी काय करतोस? गप्प पड."

"खरंच सांगतो. गेली तर पुन्हा कुणाकडून मागायची नाही. पद्माकडून तर नाहीच."

"देवा, तुला झोप म्हटलं ना मी!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला. मग ती बाहेर गेली, जिन्यात उभी राहिली आणि संकठादेवीला म्हणाली, ओटी-बिटी काही कबूल करत नाही मी, नवसाचं काय होतं ते पाहिलंय, नुसतं मागते.

दुसऱ्या दिवशी आकडा तिथेच राहिला. त्याच्या पुढच्या दिवशी किंचित उतरला. औषध कमी मात्रेत पुन्हा सुरू झालं, दोन आठवडे पुरे झाले, पोटरीवरची गाठ बसत बसत काळ्या डागाएवढी उरली. मग सलाईनऐवजी बुरशीवरच्या पोटात घ्यायच्या गोळ्या आल्या. त्या गोळ्यांनी टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ती गोळी निम्मी करावी लागली आणि दर आठवड्याला रक्त तपासावं लागलं. संक्रांतीच्या आधी देवदत्त घरी आला. किडनी पहिल्यासारखी झाली नाही. क्रिएटिनिन दीडच्या आसपास स्थिरावलं. डॉक्टर म्हणाले, "एवढ्यावर माणूस पुष्कळ वर्षं काढतो. पण आता धक्का नको."

फाल्गुनात एका सकाळी देवदत्त कपाळ दाबत खाली आला. "डोकं ठणकतंय."

पद्मानं गॅस बंद केला. शरदिनीनं आधारकार्ड आणि फाइल उचलली, आणि तिघं गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत जवळजवळ पळत गेली. मिश्र डॉक्टरांनी पुन्हा पाठीतलं पाणी काढलं, मेंदूचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत दोघी बाकावर बसल्या होत्या, एकमेकींकडे न बघता.

पाणी स्वच्छ निघालं. फोटोही. डॉक्टरांनी देवदत्तला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, आणि खालच्या दोन ओळी त्याला दिसेनात.

"पोथी किती वेळ वाचता?"

"घरी बसून दुसरं काय करणार?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय, पंडितजी. बाकी काही नाही."

शरदिनी एवढ्या महिन्यांत रडली नव्हती. आता तिथेच, ओपीडीच्या बाकावर, ती हमसून हमसून रडली, आणि पद्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेजारच्या बाईला वाटलं यांचं कुणीतरी गेलं. तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

घरी जाताना चौकातल्या दुकानासमोर देवदत्त थांबला. गरम जिलबी निघत होती. "यात मीठ नसतं," तो म्हणाला. शरदिनीनं डॉक्टरांना फोन करण्यासाठी पर्स उघडली, मग बंद केली, आणि तिघांसाठी जिलबीचे द्रोण मागवले. पहिली जिलबी खाऊन झाल्यावर तिला आठवलं की आज आपली ब्लड प्रेशरची गोळी राहिली आहे.